तळवस्ती

चोपडा तालुक्यातल्या तापीकाठच्या एका खेड्यात चुडामण गुरुजी प्राथमिक शाळेत शिकवत. पण त्यांचा जीव शाळेत कमी आणि गावाखालच्या डोहात जास्त. झिपरू भोई नाव वल्हवी, मासे धरी आणि गुरुजींच्या हट्टापायी बुडी मारून डोहाच्या तळाचा गाळ वर आणी. गुरुजी तो गाळ पिठाच्या चाळणीत घालून धूत. चाळण बायकोची होती, आणि तिच्यावरून घरात जे रामायण व्हायचं ते इथे नको.

गाळ निघून गेला की चाळणीत शिंपले उरत, चिमुकल्या गोगलगायी, लालसर अळ्या, दोऱ्यासारखे किडे. गुरुजी त्यांची चित्रं काढून धुळ्याला शालिग्रामकडे पाठवत. शालिग्राम त्यांचा बालमित्र, एका ताटात जेवलेला. तो पुढे शिकून प्रोफेसर झाला, गुरुजी गावात राहिले. तरी पत्रात दोघं एकमेकांना अरे-तुरेच करत, याचा गुरुजींना कोण अभिमान!

पंचावन्न साली शालिग्रामचं एक लांबलचक पत्र आलं. ‘तू पाठवतोस त्या सगळ्यांना मिळून शास्त्रात बेंथॉस म्हणतात. शब्द ग्रीक, मुळात समुद्राच्या खोलीचा. समुद्रतळावर, गाळात रुतून, खडकाला चिकटून जे जे जगतं ते सगळं बेंथॉस. प्राणी तसेच वनस्पतीही. पाण्यात तरंगणारे, पोहणारे यात येत नाहीत. आणि हे एकट्यादुकट्या जीवाचं नाव नव्हे, साऱ्या समूहाचं आहे. नद्या-तळ्यांनाही आता हाच शब्द लावतात. मी मराठीत पुस्तक लिहितोय. याला एखादा चांगला मराठी शब्द दे, तुझ्या नावासकट छापीन.’

गुरुजी हरखले. आठ दिवस कोश चाळून त्यांनी ‘अधस्तलनिवासी’ असं काहीतरी जुळवलं आणि उच्चारताना स्वतःच ठेचकाळले. शेवटी नावेत बसल्या बसल्या त्यांनी झिपरूला सगळं समजावून सांगितलं.

झिपरूनं हातातला बांबू तळाला टेकवला. “गुरुजी, वर फिरतस त्या बठ्ठा पाव्हना. पूर उना का चालना जातस. तळमा ऱ्हातस ना, ती खरी वस्ती शे. तिले तळवस्ती म्हना.”

गुरुजींनी मांडीवर थाप मारली. घरी जाऊन लगेच पत्र लिहिलं: ‘मला एक शब्द सुचला आहे.’ मला! लिहिताना हात जरासुद्धा अडखळला नाही, हे आत्ताच सांगून ठेवलेलं बरं.

झिपरूला मात्र ते म्हणाले, “आपला डोह पुस्तकात जाणार बघ.” झिपरूनं ते मनावर घेतलं. पुढचे दोन हिवाळे तो गारठ्यात बुड्या मारत राहिला. त्याच्या डाव्या कानाला दडा बसला, मग कान वाहू लागला, आणि दुसऱ्या होळीपर्यंत त्या कानानं ऐकूच येईना. “एक कान शे ना अजून,” असं म्हणून तो हसायचा.

सत्तावन्न साली, दिवाळीनंतर, पुस्तक निघालं. जळगावात एका वाचनालयात समारंभ होता. गुरुजींनी नवी टोपी घातली आणि झिपरूलाही बरोबर घेतलं. धुतलेलं धोतर नेसून, शिंपल्यांनी भरलेली काचेची बरणी पोटाशी धरून झिपरू मागच्या रांगेत बसला. प्रोफेसरसाहेबांना ती भेट द्यायची होती.

गुरुजींनी पुस्तक हातात घेतलं आणि पान शोधलं. ‘तळवस्ती: समुद्राच्या तळाशी राहणारा प्राणी. हा शब्द प्रस्तुत लेखकाने योजला आहे.’ नदी कुठेच नव्हती, समूहही नव्हता. चुडामण हे नाव त्यांनी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत दोनदा शोधलं. प्रस्तावनेत तेवढं एक वाक्य होतं: ‘खेड्यापाड्यांतील काही हौशी मंडळींचे आभार.’

हार घातलेल्या शालिग्रामला त्यांनी दारात गाठलं. तो मोकळेपणानं हसला. “अरे, एका शब्दाचं काय घेऊन बसलास? आभार मानलेत की! मंडळींत तू आलासच. एकेकाची नावं कुठे घालत बसू?” एवढं बोलून तो चहाकडे वळला.

गुरुजी अंगणात आले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. आयुष्यात असा दगा त्यांना कोणी दिला नव्हता. “झिपरू, गळा कापला रे यानं माझा! भाऊ मानलं होतं मी याला. माझ्या तोंडातला शब्द चोरला आणि स्वतःच्या नावावर छापला!”

झिपरूनं चांगला कान पुढे केला. “कोनना तोंडमातला?”

गुरुजींनी नवी टोपी काढून हातात घेतली.

“मी सांगेल व्हता ना तो, गुरुजी. नावमा बठीसन. तुम्ही त्यास्ले मनं नाव लिखेल व्हतं का नही?”

लिहिलं होतं, असं म्हणता आलं असतं. शालिग्रामनं तेही गाळलं, असं सांगितलं असतं तरी झिपरूनं विश्वास ठेवला असता. पण गुरुजींच्या तोंडून निघालं ते इतकंच: “राहून गेलं.”

झिपरूनं मान हलवली. बरणी वाचनालयाच्या पायरीवर ठेवली आणि तो एस.टी.च्या स्टँडकडे चालू लागला. धरणगावच्या गाडीत दोघं वेगवेगळ्या बाकांवर बसले.

तापीवर पोचले तेव्हा उन्हं कलली होती. झिपरूनं नाव सोडली. गुरुजी रोजच्यासारखे त्याच्या जवळ बसायला गेले, तर त्यानं बांबूनं पुढची फळी दाखवली.

“तठे बठा, मास्तर.”

पंधरा वर्षांत त्यानं गुरुजींना कधी मास्तर म्हटलं नव्हतं. गुरुजी फळीवर बसले. नाव डोहावर आली तसा त्यांना धीर धरवेना.

“झिपरू, मी उद्याच लिहितो त्याला. शब्द तुझा आहे, डोह तुझा आहे, सगळं लिहितो. ऐकतोस ना?”

झिपरू बांबू रेटत होता. त्याचा डावा कान गुरुजींकडे होता, आणि त्यानं मान वळवली नाही.