डचेसचा बारावा पाय

डचेसचा उजवा पुढचा पाय आम्ही अकरा वेळा कापला आणि अकराही वेळा तिने तो परत उगवून दिला. विद्यापीठाला इतकं सहकार्य दुसऱ्या कुणी केल्याचं माझ्या पस्तीस वर्षांच्या नोकरीत मी पाहिलं नाही.

आमच्या ओहायोतल्या प्रयोगशाळेच्या तळघरात डचेससारखे चारशे सॅलॅमँडर होते, म्हणजे पालीसारखे दिसणारे, पाण्यात राहणारे बेडकाचे भाऊबंद. लॉर्ना टिबेट्सने एका जोडीपासून वाढवलेला हा वंश जगात दुसरीकडे कुठेच नव्हता. लॉर्नाला नवरा नव्हता, मूल नव्हतं, हे होते. तिचे नियम दोन. नळाचं पाणी दोन दिवस उघड्या पिंपात ठेवायचं, म्हणजे क्लोरीन उडून जातो. आणि कुणी मलूल दिसलं की पाणी बदलायचं.

ऑक्टोबरातल्या पहिल्याच सोमवारी सगळ्यांचे कल्ले आक्रसलेले दिसले. पाणी बदललं. मंगळवारी साठ मेले.

"बुरशी असेल," प्रोफेसर हॅस्केल म्हणाले.

"बुरशी तुमच्या डोक्यात आहे, प्रोफेसर," लॉर्ना म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "वेन, बघत काय उभा राहिलास? पिंप आण!"

मी आणलं. बुधवारी दोनदा पाणी बदललं, गुरुवारी चारदा. सेवेत कसूर म्हणून नाही.

शुक्रवारी डचेस तेवढी उरली. आठवड्यापूर्वीच बाराव्यांदा कापलेल्या पायाच्या जागी तांदळाएवढा कोंब आला होता. लॉर्नाने चिमट्यात गांडूळ धरलं.

"घे गं म्हातारे, एवढा एक घास."

डचेसने तोंड फिरवलं.

"पाण्यात घालायचं मीठ संपत आलंय, घेऊन येते," म्हणून लॉर्नाने खिशातून घरच्या सामानाची यादी काढली. दूध, अंडी, मांजराचं खाणं. मीठ लिहायला जागा नव्हती, म्हणून कागद उलटला. मागे शहराच्या पाणीखात्याची छापील सूचना होती: येत्या महिन्यापासून नळाच्या पाण्यात क्लोरीनऐवजी क्लोरामीन, हे ठेवून उडत नाही, मासे पाळणाऱ्यांनी काळजी घ्यावी.

"तीन आठवडे माझ्या फ्रिजवर होता हा," लॉर्ना म्हणाली. "मीच लावला होता."

हॅस्केल धावत जाऊन दुकानातून क्लोरामीन काढणाऱ्या औषधाची बाटली घेऊन आले. बाटलीवर हसरा मासा होता. झाकण उघडेपर्यंत डचेस पोट वर करून तरंगत होती.

नोंदवहीत लॉर्नाने लिहिलं: उजवा पुढचा पाय, वाढ चांगली.

सोमवारी मी गेलो तेव्हा ती पिंपं भरत होती.

"कुणासाठी गं?"

"दोन दिवस ठेवावं लागतं, वेन," ती म्हणाली आणि नळ आणखी मोठा केला.