भिंतीवरचा हिरवा चौकोन

आमच्याकडे पाच क्लस्टर. क्लस्टर म्हणजे एका कामाला जुंपलेली वीस-पंचवीस मशीनं. पाचांची तब्येत पाच वेगळ्या स्क्रीनवर दिसायची. साहेब म्हणाले, "सगळं एका भिंतीवर आण. बुधवारी मोठ्या मॅडम बघायला येतायत. नीट झालं तर तिथल्या तिथे तुला कायम करतो."

दीड वर्ष मी कंत्राटी. कॉलेजचा कागद नाही, चुकत चुकत शिकलेलो. जीव तोडून कामाला लागलो.

लावली भिंत. पाच चौकोन. ठीक तर हिरवा, बिघडला तर लाल. क्लस्टरकडून माहितीच आली नाही तर करडा.

"हे काय सुतकी?" साहेब करड्यावर घसरले.

"कधी कधी माहिती दोन मिनिटं अडकते, साहेब."

"अडकू दे. मॅडमना दिसता कामा नये. हिरवं कर."

केलं. एक ओळ बदलली. माहिती नाही, म्हणजे सगळं ठीक. खोटं कशाला बोलू, कायम व्हायचं होतं मला.

बुधवारी मॅडम आल्या. पाचही हिरवे. साहेबांच्या खिशातून मला कायम केल्याचं पत्र डोकावत होतं.

तेवढ्यात ग्राहकांचे फोन घेणारी ताई दारात. "चार नंबर बंद पडलाय का रे? चाळीस फोन आले, कान किटले माझे."

साहेब हसले. "भिंत बघा ना ताई. हिरवागार आहे."

"मग भिंतीलाच द्या फोन घ्यायला."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी खिशाकडे.

"चार नंबर मेलाय, मॅडम. मेलेला कुरकुर करत नाही, म्हणून हिरवा दिसतोय. ती ओळ मीच लिहिली."

"आधी होतं तसं करा."

केलं. चार करडा झाला. आणि पाठोपाठ दोनसुद्धा.

"हा दोन नंबर कधीपासून?"

शेवटची नोंद बघितली. "सहा दिवस झाले."

"काय चालतं त्याच्यावर?"

साहेब भिंत न्याहाळू लागले. मीच बोललो, "साहेबांचे रोजचे अहवाल."

"सहा दिवस कोणीच मागितले नाहीत?"

"मला तरी एक फोन नाही आला," ताई म्हणाली.

साहेबांनी पत्र खिशात आत ढकललं.

चार नंबर तासाभरात उठवला. दोन नंबर मॅडमनी बंदच ठेवायला सांगितला. आता भिंतीवर चार चौकोन आहेत. मी अजून कंत्राटी. करडा रंग मात्र कायम झाला.