ओमोकाजीच्या अंगाने

यासोकिचीच्या होडीवर डावं-उजवं असं कुणी म्हणत नसे. डावी बाजू तोरिकाजी, उजवी ओमोकाजी. माणूस होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, मागे तोंड करून बसला तरी तोरिकाजी होडीचीच डावी राही, त्याची नव्हे. जाळं तोरिकाजीच्या अंगाने वर येई. ओमोकाजीचं अंग मोकळं ठेवत. बुडालेलं माणूस सापडलं, तर त्याला त्या अंगाने घेत.

वादळात धाकटा भाऊ एईसाकू बेपत्ता झाल्यापासून होडीचा तांडेल यासोकिची रोज होडी काढत होता. मासळीसाठी, असं सांगे. खलाशांना खरं कारण ठाऊक होतं. वडील गेल्यावर एईसाकूने होडीला इंजिन बसवायचं म्हटलं, तेव्हा यासोकिची सगळ्यांसमोर म्हणाला होता, "वल्ह्याचा कंटाळा असेल तर जा, भातशेती कर." धाकट्याने वेगळी होडी घेतली. त्यानंतर समुद्रावर दोघे समोरासमोर आले, तरी माना फिरवत.

त्या सकाळी नाळेवरच्या म्हाताऱ्या तामेझोने हात वर केला. "तांडेल, पुढे काहीतरी तरंगतंय. तोरिकाजीच्या अंगाला."

"ओंडका असेल," सुकाणूवरून किन्पेई ओरडला.

"ओंडक्याला बाह्या असतात होय रे?"

निळा, जाड टाके घातलेला अंगरखा यासोकिचीने लांबूनच ओळखला. प्रेत डावीकडे होतं. ते उजव्या अंगाला यायला हवं, तर होडी त्याच्या पलीकडून न्यायला हवी.

तो सुकाणूवरच्या किन्पेईला म्हणाला, "तोरिकाजी! हळू."

होडी डावीकडे वळून प्रेताच्या पलीकडे गेली. एईसाकू ओमोकाजीला लागला, पालथा, लाटेबरोबर फळीवर हलके आदळत.

तामेझोने टोपी काढली आणि रीतीप्रमाणे वाकून प्रेताला विचारलं, "मासळी देशील का? देशील तर घरी नेतो."

मेलेल्याच्या वतीने होडीतल्याच कुणीतरी उत्तर द्यायचं असतं. किन्पेईने तोंड उघडलं.

"थांब," यासोकिची म्हणाला. "मी देतो."

"सख्ख्या भावाने?" तामेझो घुटमळला. "असं कधी केलं नाही रे आपण."

"त्याचा आवाज माझ्यासारखाच होता. आईसुद्धा फसायची."

त्याने दोन्ही हात कठड्यावर टेकले.

"देईन," तो म्हणाला. रीत एवढ्यावर संपत होती. पण तो थांबला नाही. "देईन, दादा. मला घरी ने."

किन्पेईने मान खाली घातली. यासोकिचीने स्वतः काखेत हात घालून भावाला वर ओढलं. त्या दिवशी जाळं टाकलं नाही.

धक्क्यावर एईसाकूची बायको तोयो उभी होती. तिने फळीवर ठेवलेल्या नवऱ्याच्या चेहऱ्यावरचं कापड बाजूला केलं, पाहिलं, परत नीट झाकलं.

"कुठल्या अंगाने घेतलंत, भावोजी?"

"ओमोकाजीच्या."

"उत्तर कोणी दिलं?"

"मी."

"काय म्हणाले हे?"

यासोकिचीला तिच्याकडे पाहवेना. "मला 'दादा' म्हणाला," तो कसाबसा बोलला.

तोयो म्हणाली, "डोक्याकडची बाजू तुम्ही धरा. चढ आहे, सांभाळून."

खलाशांबरोबर फळी उचलून तो टेकडीवरच्या त्या घराकडे निघाला. भावाने ते बांधल्यापासून एकदाही तो तिथे गेला नव्हता. वाट कुठे वळते, ते तोयो पुढे चालत सांगत होती.