गोळी वर्ज्य

निलंग्याच्या शिवनाम सप्ताहात रत्नम्मांनी सुनेसाठी नवस बोलला. सप्ताहभर वर्षाराणी टाळकऱ्यांच्या पुढ्यात बसेल आणि गोळी तोंडात घालणार नाही. सासू मायाळू. सुनेची अर्धशिशी उठली की खोलीत अंधार करून तिचे तळपाय चोळत बसायच्या. म्हणून तर त्यांना नाही म्हणणं अवघड.

लातूरच्या डॉक्टरीणबाईंनी आधीच समजावलं होतं, "तुमच्या बोटांचे सांधे सुजतात ते शरीराच्या राखणदारांमुळे. चोर सोडून ते घरच्यांनाच बडवायला लागलेत. त्या दाहातून जे रस सुटतात, ते डोक्यातल्या नसांना चिडवत असावेत. सगळं अजून उलगडलेलं नाही, पण हे मनाचे खेळ नाहीत. रोजची गोळी चुकवू नका."

"राखणदार बिघडले तर मालकालाच सांगावं लागतंय की," रत्नम्मा परतताना म्हणाल्या. मालक म्हणजे महादेव.

वर्षाराणी पुढ्यात बसली. कीर्तनकार महाराजांचा गळा असा, की पद उचललं की बसलेला माणूस आपोआप डोलू लागे. तीही डोलली. टाळ मात्र कानशिलात घणासारखे पडत. पदराच्या गाठीत गोळ्या होत्या. रोज जेवून हात धुवायला उठली की एक गिळायची. दुखलं, पण निभलं.

शेवटच्या कीर्तनात महाराजांनी तिला उभं केलं.

"बघा मायबापहो! गोळी नाही, सुई नाही, अन् लेक बेलाच्या पानासारखी टवटवीत! लातूरचे डॉक्टर हरले!"

हर हर महादेव झालं. गळ्यात हार पडला. रत्नम्मा रडत होत्या.

तेवढ्यात शेजारच्या गुरुबसप्पांची बायको कॉलेजातल्या लेकीला ओढत पुढे आली. पोरीनं डोळ्यांवर ओढणी धरलेली.

"वर्षा, हिचंबी डोकं असंच उठतंय गं. आता हिच्याबी गोळ्या नालीत टाकते बघ."

वर्षाराणीनं सासूकडं पाहिलं. मग म्हणाली, "टाकू नका, काकू. मी रोज गोळी खाल्ली."

"काय बोलायलीस?" रत्नम्मांनी पदरानं डोळे पुसले.

"अव्वा, नाम मनापासून घेतलं. गोळीबी घेतली."

महाराज हसले, पण ओठांनीच. "बाई, चारचौघांत मालकाला खोटं पाडतीस?"

"मालकाला न्हाई, महाराज."

मागं कुणीतरी फिसकन हसलं आणि गप्प झालं.

"हिच्याच मनात खोट हाय," काकू म्हणाल्या. "माझी पोरगी सरळ हाय." आणि पोरीच्या पिशवीतली गोळ्यांची पाकिटं घेऊन मंडपाच्या कडेला जाऊन त्यांनी गोळ्या एकेक फोडून नालीत सोडल्या.

सुनेच्या गळ्यातला हार रत्नम्मांनी काढला, डोळ्यांना लावला आणि त्या पोरीला घातला. तिला टाळकऱ्यांच्या पुढ्यात बसवलं.

मृदंगावर थाप पडली. पोरीनं कान झाकले. आईनं तिचे हात खाली ओढले.