दिपोचा फोटो

इबादान शहरातल्या त्या घरात सकाळपासून फोटोचं नाटक चाललं होतं. जमिनीवर पांढरी चादर, चादरीवर तीन महिन्यांचा सेगुन आणि खुर्चीवर चढून मोबाइल रोखलेला त्याचा बाप रोतिमी. पासपोर्टाचे नियम कजाग सासूसारखे: डोळे उघडे, तोंड मिटलेलं, दोन्ही कान दिसायला हवेत आणि धरणाऱ्याचा हात मात्र दिसता कामा नये. सेगुन शहाण्यासारखा वर पाहत राहिला. त्याचं काम झालं.

अडलं ते त्याच्या जुळ्या भावापाशी. दिपो झोपला होता. रोतिमीच्या बायकोनं, येतुंदेनं, त्याच्या तळव्यांना गुदगुल्या केल्या, ओल्या फडक्यानं गाल पुसले, पण पठ्ठ्या ढिम्म हलेना. आजीला, केहिंदेला, त्याचं कौतुकच वाटत होतं. दिपो जन्मला मागून, आणि त्यांच्याकडे जुळ्यांत मागून येतो तोच मोठा मानतात. जग कसं आहे ते बघायला धाकट्याला पुढे धाडतो आणि मग सावकाश येतो. तीही मागूनच आलेली. मोठ्या माणसांना असं उठवतात का, असं तिनं दोनदा सुनावलं.

रोतिमी घामाघूम झाला होता. कागद आजच पाठवायचे होते. पुढच्या महिन्यात चौघं कॅनडाला निघणार होते.

"सेगुनचाच अजून एक काढू," तो म्हणाला. "सदरा बदलला की झालं. आमच्या आईला तरी कुठे ओळखू येतात दोघं?"

येतुंदे हसली. केहिंदे हसली नाही.

"नाही. त्याचा फोटो त्याचाच हवा."

तिची जुळी बहीण तायवो पाच वर्षांची असताना तापानं गेली. तोवर घरात कुणी फोटो काढलाच नव्हता. एक गेलं तरी जोडी मोडू द्यायची नाही, ही रीत. म्हणून आईनं केहिंदेला बाजारातल्या स्टुडिओत नेलं. फोटोवाल्यानं तिला एकदा डावीकडे बसवलं, एकदा उजवीकडे, आणि एकाच कागदावर दोन मुली छापून दिल्या. किती गोड दुपार होती ती! नवा झगा, तोंडात टॉफी आणि कित्येक दिवसांनी हसलेली आई. पुढे घरात जुळ्यांसाठी घुगऱ्या शिजल्या की पहिली वाटी त्या फोटोपुढे जायची. रोतिमीही तो पाहतच वाढला होता. आजवर त्याला त्यात दोघी बहिणीच दिसल्या होत्या.

"दोन्हीकडे मीच आहे रे," केहिंदे म्हणाली. "ते बघत म्हातारी झाले. आता तायवोला आठवायला जावं तर मीच दिसते. तिचा चेहरा माझ्यापाशी उरलाच नाही."

रोतिमी खुर्चीवरून उतरला आणि आईशेजारी बसला.

केहिंदेनं दिपोच्या कानाशी तोंड नेलं आणि जुळ्यांची स्तुती म्हणायला घेतली. रानातल्या माकडांचे भाऊबंद, फाटक्या घरात येऊन ते भरून टाकणारे, असं काय काय. तिची आई दोघींना मांडीवर घेऊन हेच म्हणायची. दिपोनं डोळे उघडले आणि कपाळाला आठी घालून वर पाहिलं. रोतिमीनं तेवढ्यात फोटो टिपला.

मग त्यानं दोन्ही फोटो शेजारी शेजारी धरले. "आई, याचा खालचा ओठ पुढे आहे बघ. डावी भुवईही वर चढलीय. सेगुनसारखा नाहीच हा."

तायवोचंही असं काहीतरी असणार, फक्त तिचंच. काय होतं ते सांगणारं आता कुणी उरलं नव्हतं. केहिंदेचे डोळे भरून आले.

"जरा मोठा करून दाखव," ती म्हणाली, आणि दिपोचा तो ओठ पाठ करू लागली.