उंच सुनेच्या घरातलं स्टूल

मी स्वयंपाकघरातलं स्टूल बोलतोय. जरा हळूच बोलतो, कारण या घरात कोणाचा कोणावर फारसा भरवसा नव्हता, आणि माझा तर कोणावरच नव्हता.

माझा जन्म सुताराच्या दुकानातला, कुणाच्या तरी दाराच्या चौकटीतून उरलेल्या लाकडाचा. या घरच्या आईंची उंची बेताची, आणि फळ्या ठोकणाऱ्याने त्या ठोकल्या स्वतःच्या उंचीने. म्हणून मला आणलं. तेव्हापासून आई माझ्यावर चढतात, डबा काढतात, उतरतात आणि मला पायानेच टेबलाखाली सरकवतात. आभाराची गोष्टच सोडा. मलाही ते नकोच होते. माणसं ज्या सामानाशी अचानक गोड बोलू लागतात, ते थोड्याच दिवसांत भंगारात जातं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मग घरात सून आली. ताडमाड उंच आणि मुलखाची अबोल. वरच्या फळीवरचा डबा ती नुसता हात वर करून काढायची. माझ्यावर कधी पाऊल ठेवलं नाही तिने. जी आपला भार टाकत नाही, तिच्या मनात काय आहे ते कळावं कसं?

संशय आईंनाही आला. साखर, चहा, मीठ, रोजचे डबे एकेक करून वर जाऊ लागले होते.

"हे वर कोणी ठेवलं?"

"मीच, आई."

एवढंच. आई बहिणीला फोनवर कुजबुजल्या, "स्वयंपाकघर ताब्यात घेतेय गं. तोंडातून शब्द न काढता! आता चिमूटभर साखरेसाठीसुद्धा मला डोंगर चढायचा."

चढउतार वाढला, तसा माझा मागचा पाय खिळखिळा झाला. मी जिवाच्या आकांताने कुरकुरायचो. आई म्हणायच्या, "हे पण आमच्या ह्यांच्यावर गेलंय."

एका दुपारी आई झोपल्या असताना सुनेने मला उलटं केलं. एकेक पाय दाबून पाहिला. मागचा हलला, तशी थांबली. हिला कळलं! आता ही गप्प बसणार, आणि एक दिवस आई धाडकन खाली... मी लाकूड असून शहारलो. तेवढ्यात ती माझ्यावरून हात फिरवत पुटपुटली, "खूप केलंस रे बाबा."

झालं. गोड बोलणं आलं. माझा निकाल लागला.

सकाळी आई अंघोळीला गेल्या आणि तिने मला काखोटीला मारलं. सुतार म्हणाला, "वहिनी, हे जाळा आता. घडीचं नवीन मिळतं, हलकं."

"नको. आईंना याचीच सवय आहे. पाय तेवढा पक्का करा."

परत आलो, तर आई दारातच उभ्या. "माझं स्टूल कुठे नेलं होतंस? आधी डबे नेलेस, आता तेही?"

सुनेने मला ओट्याजवळ ठेवलं, चपला काढल्या आणि सगळा भार टाकून माझ्यावर उभी राहिली. डोकं छताला टेकायचंच बाकी. मग डावीकडे झुकली, उजवीकडे झुकली.

"अगं, तुला कशाला चढायचंय? वेड लागलंय का?"

"पाय निखळायला आला होता, आई. नीट करून आणलाय. पण आधी मी पडून बघते."

आईंनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. "उतर. मोडशील," म्हणाल्या. मग फळीकडे बोट दाखवून, "आणि ते डबे?"

"ते वर आहेत असं मला वाटलंच नाही," सून ओशाळून म्हणाली. "माझ्या हाताशीच असतात ना."

आईंना आधी हसू आवरेना, मग खोकला आवरेना.

आता रोजचे डबे खाली आले आहेत. तुमच्याही घरात माझ्यासारखं कोणी कुरकुरत असेल, तर एकदा उलटं करून बघा, एवढंच सांगतो.

आई मात्र अजून चढतातच. आणि चढण्याआधी हाक मारतात, "अगं, स्टूल धर जरा." मी तसूभरही हलत नाही, तरी. सून येते, दोन्ही हातांनी मला धरते. आई वर उभ्या राहून एखादं झाकण उघडतात, लावतात, बहिणीबद्दलची गाऱ्हाणी सांगतात, आणि रिकाम्या हाताने खाली उतरतात. त्यांना वर काय हवं असतं, कोण जाणे. मला दाट संशय आहे, काहीच नको असतं.