थंड ब्रेक

भावोजींनी पहिली लाथ घातली ती पान्यांच्या पेटीला. पाने, पकडी, सॉकेटं, सगळं फरशीवर खणखणत पसरलं आणि एक सॉकेट तर घरंगळत थेट खारीच्या नाकापाशी येऊन थांबलं. खार तेव्हा गाडीखाली उताणी पडून सायलेन्सरचा शेवटचा क्लँप आवळत होती.

"गाडी झाली का?" वरून आवाज आला. "आणि बायको? दोन्ही आजच न्यायच्यात मला."

दोन्ही! एका दमात! जणू लाँड्रीतून शर्ट-पँट घेऊन जायला आलेत.

खार म्हणजे बाबांची धाकटी. शाळेच्या हजेरीत तिचं नाव वेगळं आहे, पण कुठल्याही गाडीखाली सुळकन शिरते म्हणून गॅरेजात ती खारच. थोरली ताई वर माडीवर होती, डावा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. जिन्यावरून पडले, असं तिने डॉक्टरांना सांगितलं होतं. जिना म्हणे! भावोजींचं घर तळमजल्यावर आहे.

आई गेली तेव्हा खारीला नीट चालताही येत नव्हतं. तिला भरवलं ताईने, वेण्या घातल्या ताईने, शाळेत पहिल्या दिवशी भोकाड पसरलं तेव्हा वर्गाबाहेर दिवसभर उभी राहिली तीही ताईच. त्यामुळे खारीचा हिशेब अगदी सरळ होता. ताई परत जाता कामा नये. बस्स. बाकी जग गेलं खड्ड्यात.

बाबांचा हिशेब मात्र डळमळीत होता. मोडलेला गिअरबॉक्स समोर आला की वाघ होणारा हा माणूस जावयासमोर मांजर व्हायचा. "संसार आहे पोरी, भांड्याला भांडं लागतंच," असं ते ताईला आठवडाभर समजावत होते. खारीला ते ऐकून हसू फुटायचं, रागाचं हसू. भांड्याला भांडं लागलं तर पोचे दोघांना पडतात ना? मग इथे सगळे पोचे एकाच भांड्याला कसे?

"झालीच आहे, जावईबापू," बाबा हात पुसत पुढे आले. "फक्त ब्रेक तापवायचे राहिलेत. मी एक फेरी मारून आणतो, तोवर चहा घ्या."

गाडी म्हणाल तर पिवळी, बुटकी, दोन दारांची. भावोजींना ती रोज ऑफिसला न्यायची होती आणि सुट्टीच्या दिवशी शर्यतीच्या ट्रॅकवर पळवायची होती. म्हणजे एकाच पोरीने सकाळी गणिताचा पेपर द्यायचा आणि दुपारी कुस्ती मारायची! बाबांनी आणि खारीने मिळून तिचं पोटच फाडलं होतं. इंजिनात हवा भरणारा मूळचा टर्बो काढून त्याच्या दुप्पट अंगाचा बसवला. त्याची तापलेली हवा गार करायला नाकात जाडजूड इंटरकूलर कोंबला. स्प्रिंगा बदलून तिला जमिनीला टेकवली, मागची सीट उपटून, गाडी उलटली तरी टप चेपू नये म्हणून लोखंडी पिंजरा जोडला, पुढच्या सीटांना दोन्ही खांद्यांवरून येणारे रुंद पट्टे लावले. आणि आज सकाळी पुढच्या चाकांना ट्रॅकचे ब्रेक पॅड.

हे पॅड म्हणजे अजब जनावर. तापले की मगरीसारखा जबडा आवळतात, पण थंड असले तर दात पडलेली म्हातारी बरी. त्यातून नवे असले तर विचारूच नका. म्हणून बाबा आधी रिकाम्या रस्त्यावर हळूहळू, पुन्हा पुन्हा ब्रेक दाबून त्यांना तापवायचे, आणि ते होईपर्यंत स्टिअरिंगला लाल फडकं बांधून ठेवायचे. फडकं दिसलं की गाडी हलवायची नाही. गॅरेजचा दुसरा नियम असा, की चाकं ज्याने आवळली त्याने पहिल्या फेरीला चालवणाऱ्याशेजारी बसायचं. स्वतःचा जीव टांगणीला लागला की हात आपोआप नीट चालतात, असं बाबांचं म्हणणं.

आज चाकं खारीने आवळली होती. आवळताना एक नट तसाच सैल सोडावा, असं तिच्या मनात आलं होतं. खोटं कशाला बोला, चांगलं दोनदा आलं होतं. पण पहिली फेरी बाबा मारणार होते. तिने सगळे नट आवळले, वर एकेकाला जास्तीचा झटका दिला.

"मला कोणी गाडी तापवून द्यायला नको," भावोजी म्हणाले. त्यांनी दार उघडलं, लाल फडकं ओढून काढलं, आणि काय करावं? त्या फडक्याने बूट पुसले! मग जिन्याकडे तोंड करून ओरडले, "ए, खाली ये! का मी येऊ वर?"

ताई खाली आली. पायऱ्या उतरतानाच तिचा चेहरा पुसून कोरा झाला होता, फळा पुसतात तसा.

"अहो, मी अजून चार दिवस..."

भावोजींनी तिला पुढे बोलूच दिलं नाही. त्यांनी तिचा हात धरला. कुठला? प्लास्टरचाच! आणि असा हिसडा दिला की ताईच्या तोंडून आवाजसुद्धा निघाला नाही, नुसता श्वास निघाला. बाबा "अहो जावईबापू, अहो..." करत दोन पावलं पुढे आले आणि भावोजींच्या एका धक्क्याने टायरांच्या थप्पीवर जाऊन आदळले. थप्पी कोसळली. टायर गॅरेजभर पळाले.

खार गाडीखालून सटकली ती थेट दोघांच्या मधे. हातात पाना होता, पण तो उगारायचं सुचलंच नाही, सुचलं ते भलतंच.

"ती सीट माझी आहे!"

"काय?"

"चाकं मी आवळलीत. पहिल्या फेरीला शेजारी मी बसणार. ताईला न्यायचं तर फेरी मारून परत या आणि न्या. का घाबरता? पोरीने आवळलेल्या चाकांना?"

भावोजी तिच्याकडे बघत राहिले आणि मग हसले. त्यांना असलं काही फार आवडायचं. घाबरवायला माणूस स्वतःहून चालत आला की त्यांचा दिवस साजरा व्हायचा.

"ये. बस. बघू तुझा माज किती वेळ टिकतो."

"खारे, नाही!" ताई ओरडली. पण खार आत शिरून पट्टे आवळतही होती.

भावोजींनी पट्टे बांधले नाहीत. "लगाम घोड्याला लागतो, स्वाराला नाही," म्हणाले. आणि त्यांनी गाडीला टाच मारली.

गाडी अशी उसळली की खारीचं डोकं मागे आपटलं. गॅरेजमागच्या गोदामांभोवती एक रस्ता आहे. लांब, सरळ, दोन्ही बाजूंना पत्र्याची दारं, आणि टोकाला दगडी भिंतीपाशी काटकोनात वळलेला. तिसऱ्या गिअरला टर्बो भरला. आधी शिट्टी, मग किंचाळी, मग पाठीत कोणीतरी दोन्ही पायांनी लाथ घालावी तसा रेटा! पाय काढला की सायलेन्सरमधून फटाफट बार उडत होते आणि गोदामाच्या पत्र्यांवरून कबुतरं उधळत होती. खार दोन्ही हातांनी पट्टे धरून बसली होती आणि, कबूल करायलाच हवं, त्या भीतीच्या आत कुठेतरी अभिमानही होता. काय पळत होती पोरगी!

"घाबरलीस?" भावोजी ओरडले.

"भावोजी, ऐका! ब्रेक थंड आहेत! नवे पॅड आहेत, ते आधी..."

त्यांनी स्टिअरिंगवरचा एक हात काढला आणि उलट्या पंजाने तिच्या तोंडावर हाणला. अंगठी ओठावर बसली. तोंडात गरम, खारट रक्त भरलं.

"मला शिकवतेस? मला?" त्यांनी आणखी एक ठेवून दिली, कानावर. "तुझ्या बहिणीलाही हीच खोड. तोंड चालवायचं. आज घरी नेतो तिला. एक हात प्लास्टरमध्ये आहे ना? दुसरा मोकळा आहे अजून."

झालं. त्या वाक्याबरोबर खारीच्या आत काहीतरी खटकन बंद झालं. सांगायचं होतं ते जिभेवर होतं, रक्ताबरोबर तिने ते गिळून टाकलं. नाही सांगत जा! ज्या तोंडाने सावध केलं तेच फोडलंत ना? मग घ्या. ती समोर बघत बसली. भिंत मोठी व्हायला लागली. आपणही याच गाडीत आहोत, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

भावोजींनी ब्रेक दाबला. हे ट्रॅकचे ब्रेक, भिंतीला नाक लागेपर्यंत गेलं तरी थांबवतील, अशा ऐटीत, अगदी शेवटी दाबला.

काहीच झालं नाही.

गाडी नुसती धावत राहिली. भावोजींनी पुन्हा दाबला, उभं राहून दाबला. "ए... ए... लागत का नाही?" त्यांच्या आवाजातला सगळा मर्दपणा गळून पडला होता. आता भिंतीतले दगड सुटे सुटे दिसत होते.

मागच्या चाकांचे पॅड बदललेले नव्हते. ते साधे होते, थंडपणीही चावणारे, आणि हँडब्रेक मागच्याच चाकांना लागतो. खारीने हे काही विचार करून ठरवलं नाही, तिच्या हातांनाच ते माहीत होतं. एका हाताने तिने हँडब्रेक उपटल्यासारखा ओढला आणि दुसऱ्या हाताने स्टिअरिंग धरून आपल्याकडे खेचलं.

आपल्याकडे. हे मात्र तिने ठरवलं. अर्ध्या क्षणात, पण ठरवलं.

गाडीचं ढुंगण फिरलं. टायरांनी आक्रोश केला, भिंत समोरून बाजूला सरकली, भावोजींच्या बाजूला, आणि मग सगळं जग एका लोखंडी आवाजात फुटलं. काच पावसासारखी उडाली. पट्ट्यांनी खारीच्या खांद्यांचे तुकडे केल्यागत वाटलं. पिंजरा कण्हला, पण वाकला नाही. मग इंजिन बंद पडलं आणि कुठूनतरी पाण्याचा सूं सूं आवाज येत राहिला.

खारीने बोटं हलवून पाहिली. हलली. तिने शेजारी पाहिलं.

भावोजींचं दार आत आलं होतं आणि त्यांचा गुडघा दार आणि स्टिअरिंग यांच्या मधे अडकला होता. भिंतीकडचा हात नको तिथे वाकला होता. कपाळातून रक्त वाहून एक डोळा मिटला होता. दुसरा तिच्यावर रोखलेला.

"तू..." ते म्हणाले. "तू ओढलंस."

गोदामांच्या पलीकडेच गॅरेज. आवाज ऐकून ताई धावत आली, अनवाणी, हातात गॅरेजातली पहार. मागून बाबा लंगडत आले. ताईने आधी खारीचं दार उघडलं, तिला बाहेर ओढून काढलं, डोकं, मान, हातपाय चाचपून पाहिले आणि फाटलेला ओठ दिसताच थबकली.

"हे भिंतीने केलेलं नाही," ती म्हणाली.

"नाही," खार म्हणाली.

"हिने स्टिअरिंग ओढलं!" आतून भावोजी ओरडले. "मला मारायलाच निघाली होती! सासरेबुवा, बघा तुमच्या पोरीचे प्रताप!"

बाबांनी वाकून आत पाहिलं, वर ओढलेला हँडब्रेक पाहिला, रस्त्यावरचे टायरांचे काळे फराटे पाहिले. त्यांना कुणी काही सांगायची गरज नव्हती. तरी त्यांनी विचारलं, "खारे, खरं?"

"खरं. नसतं ओढलं तर दोघंही समोरून गेलो असतो. भिंत कुणाच्या तरी वाट्याला येणारच होती, बाबा. मी ती वाटून दिली."

बाबांनी खारीच्या खांद्यावर हात ठेवला.

ताई मात्र पहार घेऊन गाडीत शिरली होती. खारीच्या जागेवर गुडघा टेकून, वाकलेलं दार आणि भावोजींचा पाय यांच्यामधे पहारीचं टोक घुसवत होती. सोडवत होती ती त्यांना! खारीला वाटलं, झालं, संपलं. आता ही यांचं डोकं मांडीवर घेणार, दवाखान्यात उशाशी बसणार आणि बरे झाले की परत यांच्याच घरी जाणार.

"लवकर कर," भावोजी दात ओठ खात म्हणाले. "बघून घेतो एकेकाला. आधी तुला." आणि त्यांनी चांगल्या हाताने तिचं प्लास्टर धरलं आणि पिळलं.

असल्या अवस्थेत! अर्धं अंग भिंतीत चेचलेलं, आणि तरी!

ताईने पहार बाहेर काढली. घाई केली नाही. उचलली आणि त्यांच्या मनगटावर घातली. एकदाच. आवाज लहानसाच झाला, वाळकी काडी मोडावी तसा. भावोजींचा हात सुटला आणि ते असे किंचाळले की पत्र्यावर परतलेली कबुतरं पुन्हा उडाली.

मग ताईने पहार पुन्हा दारात घातली, सगळं वजन टाकलं, आणि कर्रकन दार हटवून त्यांचा पाय मोकळा केला. काम अर्धवट सोडणं या घराण्यात नाहीच.

रुग्णवाहिका आली. तिच्यातून उतरलेल्या दोघांनी भावोजींना स्ट्रेचरवर घेतलं. त्यातल्या एकाने विचारलं, "सोबत कोण येतंय?"

सवयीने, नुसत्या सवयीने, बाबांनी एक पाऊल पुढे टाकलं. ताईने मागून त्यांची बाही धरली.

"बाबा. तुम्हीही नाही."

बाबा थांबले. स्ट्रेचरकडे बघत राहिले आणि मग टाकलेलं पाऊल त्यांनी मागे घेतलं.

दार लागलं, गाडी गेली. पोलीस येतीलच, मग खारीला सगळं सांगावं लागेल, ताईलाही. सांगू. ताई रस्त्याच्या कडेला मटकन बसली. पहार अजून तिच्या मुठीतच होती. "सोड ना आता," खार म्हणाली. ताई म्हणाली, "सोडतेय गं," पण बोटं काही उघडेनात. शेवटी खार तिच्यासमोर उकिडवी बसली आणि तिने ती एकेक करून सोडवली.